गाड्यांचंच शिकायचंय, पण सगळे म्हणतात इंजिन संपलं

«ताई, यंदा कॉलेजात प्रवेश घ्यायचाय. दोन ठिकाणी नंबर लागतोय. एकीकडे मेकॅनिकल इंजिनीअरिंग, दुसरीकडे ऑटोमोटिव्ह इंजिनीअरिंग टेक्नॉलॉजी. मला दुसरं हवंय, कारण लहानपणापासून कुणी गाडीचं बॉनेट उघडलं की मी तिथंच घुटमळते. पण मामा स्वतः मेकॅनिकल इंजिनीअर आहेत आणि ते म्हणतात, नावात ‘टेक्नॉलॉजी’ असलेली पदवी दुय्यम, शेवटी गॅरेजातच जाशील. दादा म्हणतो, सगळं इलेक्ट्रिक होतंय, इंजिनं शिकून करणार काय? शिवाय माझं गणित मध्यम आहे. येतं, पण त्यात मी रमत नाही. सांगा, काय करू?»

अगं, आधी माझं मत सांगते, मग कारणं. तू ऑटोमोटिव्ह घे. पण एका अटीवर. त्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मुलांना चालू स्थितीतल्या गाडीवर स्वतः मोजमापं घ्यायला मिळतात का, हे प्रवेशाआधी जाऊन बघ. मिळत नसतील तर मुकाट्यानं मेकॅनिकल घे. ही अट कशासाठी, ते सांगते.

मामांचं बोलणं उडवून लावू नकोस. दोन पदव्यांत फरक आहे आणि तो जगभर मान्य आहे. इंजिनीअरिंगच्या शिक्षणाला एकमेकांच्या देशांत मान्यता मिळावी म्हणून जे करार झाले, त्यांत इंजिनीअरांसाठी १९८९ चा वॉशिंग्टन करार आहे, टेक्नॉलॉजिस्टांसाठी २००१ चा सिडनी करार आणि टेक्निशियनांसाठी २००२ चा डब्लिन करार. तीन वेगळे करार केले, कारण कामं वेगळी धरली आहेत. समज, गाडीचा शॉक अॅब्सॉर्बर आहे. त्यातलं तेल किती भोकांतून किती वेगानं जावं याची समीकरणं मांडून व्हॉल्व्ह आखायचा, हे इंजिनीअरचं काम. तो व्हॉल्व्ह बनल्यावर त्याच्यासाठी चाचणीचं यंत्र उभं करायचं, सेन्सर लावायचे, लाखो वेळा दाबून बघायचा, तेल तापल्यावर तो ढिला का पडतो हे पुराव्यानिशी शोधायचं आणि कारखान्यात रोज तसाच तंतोतंत बनेल अशी व्यवस्था लावायची, हे टेक्नॉलॉजिस्टचं काम. प्रत्यक्ष कंपनीत या दोघांची टेबलं शेजारीशेजारी असतात आणि सीमारेषा पुसट असते. मग मामा बरोबर कुठे आहेत? पुढे परवानाधारक इंजिनीअर व्हायचं असेल किंवा थेट इंजिनीअरिंगच्या एम.एस.ला जायचं असेल, तर काही देशांत टेक्नॉलॉजीच्या पदवीवर जास्त अनुभव मागतात किंवा वरचे काही विषय करून यायला सांगतात. तेव्हा कॉलेजला विचार, तुमच्या अभ्यासक्रमाला नेमकी कोणती मान्यता आहे? उत्तर लेखी घे. हा कागद पुढे दहा वर्षांनी लागतो.

‘शेवटी गॅरेजात’ हे मात्र मामांनी असं तुच्छतेनं बोलायला नको होतं. चांगल्या गॅरेजात जे डोकं लागतं तेच चाचणी विभागात लागतं. मी या क्षेत्रात काम केलंय आणि नंतर शिकवलंही आहे, म्हणून हे खात्रीनं सांगते. एक प्रसंग सांगते, त्यात तुझ्या गणिताच्या भीतीचंही उत्तर मिळेल.

गाडी सुरू करताना सेल्फ जड फिरतोय. कुणीतरी बॅटरी बदलून दिली. तरी तेच. मग स्टार्टर मोटर बदलली. तरीही तेच. आता शिकलेली मुलगी काय करते? मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवते. बॅटरी शांत असताना १२.६ व्होल्ट दाखवते, म्हणजे बॅटरी भरलेली आहे. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवते. क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच. दुसरी पिन इंजिनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या स्वच्छ धातूवर. आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगते. या दोन जागा एका जाड अर्थिंगच्या केबलनं जोडलेल्या आहेत, त्यामुळे मीटरवर जवळजवळ शून्य यायला हवं. ०.२ व्होल्टपर्यंत चालवून घेतात. मीटर दाखवतो १.२.

आता गणित. सेल्फ मारताना समज १५० अँपिअर वाहतायत. १.२ भागिले १५०, म्हणजे ०.००८ ओहम. हीच केबल गाडी बंद ठेवून, मीटर ओहमवर लावून तपासली असती तर ती निर्दोष वाटली असती, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स याच्या कित्येक पट असतो. पण १५० अँपिअर वाहताना तेवढाच रेझिस्टन्स १.२ गुणिले १५०, म्हणजे १८० वॉट खातो. स्टार्टरला मिळायची ती ताकद एका गंजलेल्या जोडात उष्णता होऊन जाते. नट सोडला, गंज घासून काढला, नट आवळला, पुन्हा मोजलं. ०.१ व्होल्ट. सेल्फ झटक्यात फिरला. बॅटरीही चांगली होती आणि स्टार्टरही.

यात लागला ओहमचा नियम, एक भागाकार आणि एक गुणाकार. पण तो भागाकार कधी आणि कोणत्या दोन बिंदूंमध्ये करायचा हे कळणं म्हणजेच या पदवीचं शिक्षण. तेवढ्यावर पदवी मिळते असं समजू नकोस. कॅल्क्युलस आहे, उष्णतागतिकी आहे, पदार्थांची ताकद आहे, कंट्रोल सिस्टिम आहे. ते सगळं पास व्हावंच लागेल आणि ‘येतं पण रमत नाही’ एवढ्यावर ते होऊन जातं. मला विचारशील तर संख्याशास्त्राकडे जास्त लक्ष दे. ते मुलं सगळ्यात हलक्यात घेतात आणि नोकरीत सगळ्यात जास्त तेच वापरावं लागतं. पाच ब्रेक पॅड तपासले आणि पाचही टिकले, तर बाजारात जाणाऱ्या पाच लाखांबद्दल किती खात्री देता येते? या प्रश्नावर मंजुरीच्या सह्या अडतात.

आता दादाचा प्रश्न. इलेक्ट्रिक गाड्या वाढतायत हे खरं आहे. पण त्यातून ‘गाड्यांचं शिक्षण संपलं’ हा निष्कर्ष निघत नाही. इंजिन गेलं म्हणून ब्रेक जात नाहीत, स्टीअरिंग जात नाही, सस्पेन्शन, टायर, सांगाडा, अपघातातली सुरक्षा यातलं काहीच जात नाही. उलट काही गोष्टी अवघड होतात. बॅटरीमुळे गाडी जड होते, म्हणजे टायर आणि सस्पेन्शनचं गणित नव्यानं मांडावं लागतं. ब्रेक दाबला की थोडा वेग मोटर ओढून घेते आणि वीज बॅटरीत परत जाते, उरलेला डिस्क ब्रेक घेतात. ही वाटणी पायाला अजिबात जाणवता कामा नये, आणि ती जुळवण्यात कितीतरी लोकांचे महिने जातात. त्यात डिस्क कमी वापरल्या गेल्यानं गंजतात, हे वेगळंच. इंजिनाचा आवाज गेला की गिअरची शिटी, वाऱ्याचा घोंगाट, टायरचा आवाज हे सगळं ऐकू यायला लागतं, म्हणून आवाज आणि कंपनं तपासणाऱ्यांचं काम वाढलं. युरोपनं २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत तर ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवरही पहिल्यांदाच मर्यादा आली. त्यातून इलेक्ट्रिक गाड्याही सुटलेल्या नाहीत.

आणि बॅटरी. लिथियम-आयन सेल एकटा साधारण ३.७ व्होल्टचा. असे ९६ सेल एकापुढे एक जोडले की साडेतीनशे व्होल्टच्या पुढे जातं, आणि त्यापुढच्या पिढीच्या काही गाड्या ८०० व्होल्टच्या आहेत. वाहनांच्या सुरक्षा नियमांत ६० व्होल्ट डीसीच्या वरचं सगळं उच्च दाब धरतात आणि त्याच्या केबल नारिंगी असतात. त्या केबलला हात लावण्याआधीची शिस्त बघशील तर कळेल की या क्षेत्राला कशी माणसं हवीत. गाडी बंद करायची, चावी लांब ठेवायची, १२ व्होल्टची बॅटरी सोडायची, रबरी हातमोजे घालून सर्व्हिस प्लग, म्हणजे मोठ्या बॅटरीचा मार्ग तोडणारी खुंटी, काढून स्वतःच्या ताब्यात ठेवायचा, वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला कंपनीनं सांगितलेला वेळ थांबायचं. मग हातमोजे न काढता, त्या दाबाला चालणारा मीटर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सप्लायवर लावून बघायचा. मग गाडीवर मोजायचं, शून्य यायला हवं. आणि मग मीटर पुन्हा त्या चालू सप्लायवर. हे शेवटचं कशासाठी? मधल्या वेळात मीटरच बिघडला असेल तर गाडीवरचं शून्य खोटं ठरतं म्हणून. जोडाचा गंज शोधणारी आणि ही शिस्त पाळणारी बुद्धी एकच आहे. म्हणून मी म्हणते, तुला काय शिकायला मिळतंय ते पेट्रोल की वीज यावरून ठरवू नकोस.

दादाला एवढंही सांग की आज शोरूममधून बाहेर पडणारी पेट्रोल किंवा डिझेलची गाडी पुढची दहा-पंधरा वर्षं रस्त्यावर असते. हायब्रीडमध्ये इंजिनही आहे आणि मोटरही, म्हणजे दोन्ही कळणारी माणसं लागतात. ट्रॅक्टर, खाणींतली यंत्रं, जहाजांवरची इंजिनं यांचा बदल आणखी हळू होणार आहे.

आता नोकऱ्या. मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल बोलावंसं वाटतं ते म्हणजे चाचणी, कारण या पदवीच्या मुलांना तिथं खरा वाव मिळतो आणि त्याबद्दल घरच्यांना काहीच माहीत नसतं. या कामाची सुरुवात मोटरगाडीइतकीच जुनी आहे. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये आपल्या गाडीचं पेटंट घेतलं, पण ती लांबच्या प्रवासाला नेली त्यांच्या पत्नीनं. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या, अंतर १०० किलोमीटरच्या आसपास. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा मोच्याकडून त्यांच्यावर चामडं बसवून घेतलं. चढावर गाडी ढकलावी लागली. घरी आल्यावर त्यांच्या सांगण्यावरून चढासाठी आणखी एक गिअर देण्यात आला. गाडी वापरून बघायची, कुठे कमी पडते ते टिपायचं आणि आखणाऱ्याला बदल करायला लावायचा, हेच आजचा चाचणी इंजिनीअर करतो. फक्त पिनेऐवजी त्याच्याकडे शेकडो सेन्सर असतात.

आजच्या चाचणीत बरंच काम गाडी नसतानाच होतं. गाडीतला कंट्रोलर, म्हणजे ब्रेकसारखी एखादी यंत्रणा सांभाळणारा छोटा संगणक, टेबलावर ठेवतात आणि त्याला एका मोठ्या संगणकाला जोडतात. तो मोठा संगणक चाकांचा वेग, तापमान, ब्रेकचा दाब असे खोटे सिग्नल पाठवत राहतो. कंट्रोलरला वाटतं आपण बर्फावर ताशी ८० किलोमीटरनं चाललोय. मग मध्येच एक वायर तुटल्याचं नाटक करायचं आणि तो काय करतो ते बघायचं. याला हार्डवेअर-इन-द-लूप म्हणतात आणि ज्याला गाडीही कळते आणि थोडी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषाही येते अशा माणसाला इथं हातोहात घेतात. त्याच्या शेजारचं काम कॅलिब्रेशनचं. गाडीच्या सॉफ्टवेअरमधले हजारो आकडे गारठ्यात, उन्हाळ्यात, उंचावर चालवून जुळवायचे. त्यासाठी स्वीडनच्या उत्तरेला आर्येप्लोगला गोठलेल्या तळ्यांवर दर हिवाळ्यात युरोपभरच्या कंपन्या येतात. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात दिवसभर थंडीत एकच वळण पुन्हा पुन्हा घ्यायचं आणि रात्री डेटा बघत बसायचं असं ते काम आहे. तुला ते आवडेल असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं.

होमोलोगेशन म्हणजे गाडी नियमांत बसते हे सरकारमान्य चाचण्यांतून सिद्ध करणं. यात कागद फार असतात, पण नोकरी पक्की असते आणि कायदा शिकावा लागतो. प्रदूषणाची डब्ल्यूएलटीपी चाचणीच घे. रोलरवर अर्धा तास, साधारण २३ किलोमीटरचं ठरलेलं चक्र, आणि गाडी वेगाच्या आखलेल्या रेषेपासून ठरलेल्या सवलतीपेक्षा जास्त भरकटली तर पुन्हा पहिल्यापासून. वॉरंटी विभागात परत आलेले सुटे भाग उघडून खरं कारण शोधतात. माझ्या मते नव्या मुलांनी पहिली दोन वर्षं इथं काढावीत, कारण चांगल्या गोष्टी कशा मोडतात ते इतकं भराभर दुसरीकडे कळत नाही. उत्पादन आणि गुणवत्ता विभागात सगळ्यात जास्त जागा असतात. पाळ्या असतात, दगदगही असते. सॉफ्टवेअर आणि सुरक्षेकडे कल असेल तर २०११ साली आलेलं आयएसओ २६२६२ हे मानक वाचायला लाग. ब्रेक किंवा स्टीअरिंगच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये बिघाड झाला तर माणसाला किती धोका, यावरून ते ए ते डी अशा पायऱ्या ठरवतं. याशिवाय बसगाड्यांच्या ताफ्याची देखभाल, अपघातांचा तपास, विम्याचं सर्वेक्षण, सर्व्हिस मॅन्युअल लिहिणं, मेकॅनिकना शिकवणं. ही कामं छोटी समजू नकोस, त्यांत लोकांनी उभं आयुष्य समाधानानं काढलंय.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे नंतर मन खट्टू व्हायला नको. गाडीचं रूप रेखाटायचं स्वप्न असेल तर ही पदवी नाही, त्यासाठी डिझाइनचं शिक्षण वेगळं असतं. इंजिनातलं ज्वलन किंवा गाडीवरून जाणारी हवा संगणकावर सोडवायची असेल तर गणितात रमावंच लागतं, आणि त्याला मेकॅनिकल आणि पुढची पदव्युत्तर पदवी बरी. हा धंदा तेजी-मंदीचा आहे, नवी मॉडेलं थांबली की चाचणीची भरतीही थांबते. आणि पहिल्या वर्षी कुणी तुझ्या हातात स्टीअरिंग देणार नाही. सेन्सरच्या वायरी बांधायला आणि एक्सेलमध्ये आकडे भरायला देतील. त्या वायरी नीट बांध. सैल वायरीमुळे वाया गेलेली चाचणी कोणी विसरत नाही.

तर आता माझी अट. कॉलेजात जाशील तेव्हा माहितीपत्रक घेऊन परत येऊ नकोस, प्रॅक्टिकल चालू असताना वर्कशॉपमध्ये जा. कापून रंगवलेलं इंजिन स्टँडवर ठेवलेलं दिसेल, ते सगळीकडे असतं. त्याच्याकडे बघू नकोस. गाडी जिवंत आहे का आणि मीटर कुणाच्या हातात आहे ते बघ. सर मोजतायत आणि वीस मुलं मागून माना उंचावून बघतायत, की तीन-चार मुलांत एक मीटर आहे? तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठून विचार, कॅनच्या दोन वायरींमध्ये गाडी बंद असताना किती ओहम यायला हवेत? कॅन म्हणजे गाडीतले कंट्रोलर ज्यावरून एकमेकांशी बोलतात ते जाळं, बॉश कंपनीनं १९८६ मध्ये आणलं आणि आज इलेक्ट्रिक गाडीतही तेच चालतं. त्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून मधे कुठेही मोजलं तरी ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. ज्यानं स्वतः मोजलंय तो हे चालता चालता सांगेल. ज्यानं फक्त परीक्षेसाठी वाचलंय तो घुटमळेल. त्या उत्तरावरून तुला कॉलेज कळेल.

उच्च दाबाच्या बॅटरीचं प्रशिक्षण अभ्यासक्रमातच आहे की वेगळे पैसे भरून, तेही विचार. कंपनीत काम करण्याचं सत्र सक्तीचं आहे का आणि गेल्या वर्षी मुलं नेमकी कुठल्या विभागात बसली, फक्त कंपनीचं नाव सांगू नका, असं म्हण. आणि फॉर्म्युला स्टुडंटची टीम आहे का बघ. मुलांनीच एका सीटची रेसगाडी बनवायची ही स्पर्धा १९८१ मध्ये अमेरिकेत फॉर्म्युला एसएई नावानं सुरू झाली. १००० गुणांची असते, आणि त्यातले जवळपास एक तृतीयांश गुण गाडी न हलवताच मिळतात: आराखडा, खर्च आणि सादरीकरणाचे. परीक्षक गाडीकडे बोट दाखवून विचारतात, हा पाइप एवढ्याच जाडीचा का? ‘मागच्या वर्षी होता म्हणून’ हे उत्तर चालत नाही. मग २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स, म्हणजे गाडीचा टिकाव बघणारी फेरी, ज्यात कितीतरी टीम मध्येच थांबतात. त्या टीममध्ये काम केलेली मुलगी मुलाखतीला आली की आम्ही गुणपत्रिका बाजूला ठेवतो आणि तिला विचारतो, तुमची गाडी कुठे बंद पडली आणि का?

मामांना सोबत घेऊन जा. ते मेकॅनिकलचे आहेत, वर्कशॉपमध्ये दोन मिनिटं उभे राहिले तरी त्यांना यंत्रांवरची धूळ दिसेल आणि कोणतं यंत्र खरंच वापरात आहे ते कळेल. मेकॅनिकलच्या कॉलेजलाही त्याच दिवशी जाऊन तेच प्रश्न विचारा, कारण तिथं ऑटोमोबाइलचे ऐच्छिक विषय आणि चांगली प्रयोगशाळा असेल तर तोही रस्ता तुला याच नोकऱ्यांकडे नेतो, फक्त हात गाडीला थोडे उशिरा लागतात. ऑटोमोटिव्हच्या वर्कशॉपमध्ये मीटर मुलांच्या हातात असेल, कंपनीतलं सत्र सक्तीचं असेल आणि मान्यतेचा कागद मिळाला, तर तिथली फी भरून टाक. मीटर मुलांच्या हातात नसेल, किंवा बाकीच्या दोन्ही गोष्टी नसतील, तर मेकॅनिकलला नाव घाल आणि पहिल्याच आठवड्यात फॉर्म्युला स्टुडंटच्या टीमचा दरवाजा ठोठाव.